न दिसणाऱ्या अस्वलाची थरथर

अस्वल आलं आणि थरथरायला लागलं.

"थांबा, थांबा," पहिल्या रांगेतून दिग्दर्शक उठले. "लाइटबाई, पुन्हा तेच."

भिंगरीने दिव्यांच्या केबिनच्या काचेतून खाली रंगमंचाकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या मावशीकडे, म्हणजे याच लाइटबाईंकडे, पाहायचं मात्र तिने टाळलं. सुट्टीला येऊन तीनच दिवस झाले होते, पण हे "पुन्हा तेच" तिने इतक्यांदा ऐकलं होतं की आता दिग्दर्शक खुर्चीतून उठले की ती ते मनात आधीच म्हणून टाकायची.

अस्वल म्हणजे खरंखुरं अस्वल नव्हे हं. कातडं पांघरलेला माणूसही नव्हे. नाटकात एक म्हातारी रानाच्या कडेला एकटी राहत असते, तिला अस्वलाचं हरवलेलं पिल्लू सापडतं, आणि मग पिल्लाची आई रोज कुंपणाशी येऊन उभी राहते. ही आई नाटकभर एकदाही दिसत नाही. दिसतं ते काठ्यांचं कुंपण. त्याच्यामागे जमिनीलगत एक दिवा, आणि त्या दिव्याने झोपडीच्या भिंतीवर पाडलेल्या काठ्यांच्या सावल्या. दिवा हळूहळू चढला की सावल्या गडद होतात, उतरला की विरतात. चढतो, उतरतो, चढतो, उतरतो. बस, एवढंच. पण पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. कुंपणापलीकडे कुणीतरी भलंमोठं, केसाळ, दमलेलं उभं राहून श्वास घेतंय, हे कुणी न सांगता कळतं.

हा श्वास मावशीचा होता. म्हणजे तिच्या हाताचा. शेजाऱ्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या पोटावर तळवा ठेवून ती दोन आठवडे रोज बसली होती, आणि तो चढउतार तिने दिव्यांच्या बोर्डावरच्या एका सरकत्या दांडीत उतरवला होता. बाकीचे दिवे लावून सोडून दिले तरी चालायचे. अस्वलाच्या दांडीवरून मात्र मावशीचा हात कधी निघायचा नाही. "जनावराला एकटं सोडायचं नाही," असा तिचा नियमच होता. अस्वल रंगमंचावर असेल तितका वेळ हात दांडीवर. नाकावर माशी बसली तरी ती दुसऱ्या हाताने हाकलायची.

आणि आता तेच अस्वल, ऐन भीतीच्या क्षणी, बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं थरथरत होतं.

"अस्वलाला हिवताप झालाय की काय?" मागच्या दारातून व्यवस्थापकाचा आवाज आला. नाट्यगृहाचा व्यवस्थापक रुमालाने मान पुसत आत आला. "गेल्या आठवड्यात शाळेची मुलं कशी खदाखदा हसली, आठवतंय ना? आता रविवारी चारशे मुलं येणार आहेत. तेव्हाही हसवायचंय का त्यांना?"

"साहेब, एकदा लाइन तपासून..." मावशी केबिनच्या खिडकीतून म्हणाली.

"तपासली की. वायरमननं सोमवारी सकाळी सगळी लाइन तपासली. दिवा बदलला. स्वतः दांडी हलवून पाहिली. काडीचाही दोष नाही. लाइन चांगली, दिवा चांगला. मग उरलं काय?"

काय उरलं ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या नजरा वर केबिनकडे वळल्या होत्या, आणि मावशीने आपला उजवा हात मांडीवर डाव्या हाताखाली झाकून घेतला होता.

"हे बघा, लाइटबाई," दिग्दर्शक समजुतीच्या सुरात म्हणाले, आणि तो सूर ओरडण्यापेक्षा वाईट होता. "साहेबांनी दुसऱ्या नाट्यगृहातून एक मुलगा बोलावलाय. त्याच्याकडे कॉम्प्युटरचा बोर्ड आहे. शुक्रवारी येईल. बटण दाबलं की अस्वल आपोआप श्वास घेईल. तुम्ही वीस वर्षं केलंत, आता जरा विश्रांती घ्या."

मावशी "बरं सर" एवढंच म्हणाली.

*

नाट्यगृहाच्या मागच्या जिन्यावर तिघांची बैठक बसली. भिंगरी, एका जागी दोन मिनिटं न टिकणारी म्हणून भिंगरी, वय वर्षं बारा. तिचा मावसभाऊ सेकंद, म्हणजे मावशीचाच मुलगा, वय वर्षं तेरा. मनगटावर घड्याळ आणि खिशात वही असल्याशिवाय हा पोरगा अंघोळीलासुद्धा जात नसे. आणि तिसरं भिंगरीचं शेपूट, म्हणजे तिचा सात वर्षांचा धाकटा भाऊ, जो कुणी बोलावलं नाही तरी सगळीकडे हजर असायचा.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," भिंगरी तणतणली. "मी मावशीच्या शेजारी बसले होते. तिचा हात दगडासारखा घट्ट होता."

"दांडीवर दाबून धरला होता म्हणून घट्ट," सेकंद वहीतून डोकं वर न काढता म्हणाला. "सुटा असता तर?"

"तू कुणाच्या बाजूचा आहेस रे?"

"आकड्यांच्या."

"अस्वलाला थंडी वाजत असेल," शेपूट म्हणालं.

"तू गप रे."

भिंगरी तावातावाने बोलत होती खरी, पण आतून तिची पाचावर धारण बसली होती. कारण एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. काल सकाळी ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, तेव्हा मावशी पाठमोरी उभी राहून चहा पीत होती. कप तिने दोन्ही हातांनी धरला होता, लहान मूल धरतं तसा. तरीही बशीत चहा सांडला होता. आणि रात्री मावशी फोनवर भिंगरीच्या आईला हळू आवाजात म्हणत होती, "ताई, मला आईचे हात आलेत गं."

आईचे, म्हणजे आजीचे. आजीचे हात भिंगरीला चांगले आठवत होते. आधी सुईत दोरा जाईना, मग चमचा तोंडापर्यंत पोहोचेना, आणि शेवटच्या वर्षी आजी कुणासमोर जेवायलाच बसत नसे. मावशीने त्या हातांची सेवा केली होती, त्यामुळे पुढे काय काय होतं हे तिला पाठ होतं.

"सेकंद," भिंगरीने शेवटी विचारलंच, "तुलाही वाटतं ना, की हातच असेल?"

सेकंदने वहीचं पान उलटलं. ते आधीच उलटलेलं होतं. "सकाळी अकराच्या आधी एकदाही थरथरलं नाही," तो भराभर वाचायला लागला. "अकरानंतर थरथरतं. सलग नाही. सहा-सात मिनिटं थरथरतं, मग चार-पाच मिनिटं ठीक, मग परत. तीन दिवस मी लिहून ठेवतोय."

"मग झालं की. हात काय घड्याळ बघून थरथरतो?"

"आजीचे हात सकाळी ठीक असायचे," सेकंद म्हणाला. "दमली की थरथरायचे." एवढं बोलून तो पुन्हा वहीत घुसला, आणि भिंगरीला पहिल्यांदाच कळलं की हा आकडे काढतो ते हुशारी दाखवायला नाही. भीती वाटते म्हणून काढतो.

मग भिंगरी उठून उभी राहिली. "वायरमनकाकांनी दांडी हलवली तेव्हा त्यांचा हात होता. मावशी हलवते तेव्हा तिचा हात असतो. हात नसताना तो दिवा कुणी पाहिलाय?"

"कुणीच नाही. आई जनावराला एकटं सोडत नाही ना."

"मग आपण सोडायचं."

सेकंदने वर पाहिलं. नियम मोडायचा म्हणजे आईचा मार खायचा, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. "आणि हात काढल्यावर दिवा नाही थरथरला तर?" त्याने विचारलं.

याचं उत्तर भिंगरीला माहीत होतं.

*

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी एक वाजता तालीम जेवायला थांबली. मावशी खाली कपडेपटातल्या शिंपीणबाईंबरोबर डबा खायला गेली. शेपूट "तहान लागली" म्हणून कुठेतरी सटकलं. भिंगरी आणि सेकंद चोरपावलांनी केबिनमध्ये शिरले.

बोर्डावर ओळीने दांड्या होत्या आणि प्रत्येकीखाली चिकटपट्टीवर मावशीच्या बारीक अक्षरात नाव होतं. झोपडी. चंद्र. पायवाट. शेवटच्या दांडीखाली लिहिलं होतं, अस्वल. तिच्या टोकाचा रंग बोटांनी घासून पार उडाला होता.

भिंगरीने श्वास रोखून दांडी अर्ध्यावर आणली. खाली रिकाम्या रंगमंचावर कुंपणाच्या सावल्या उमटल्या. मग तिने एकेक बोट उचललं आणि हात पाठीमागे घेतला.

अस्वल एकटं उभं होतं. शांत, स्थिर.

"एक मिनिट," सेकंद म्हणाला. मग "पाच मिनिटं." मग "दहा." त्याचा आवाज दर वेळी जरा खाली जात होता. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. भिंतीवरची एक सावलीही हलली नाही. अकरानंतर कधीच इतका वेळ अस्वल शांत राहिलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पन्नास मिनिटांनी सेकंदने वही मिटली. "म्हणजे हातच."

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. कशाला आपण हा शहाणपणा केला, असं तिला झालं. निदान आतापर्यंत "कदाचित" तरी होतं. ते "कदाचित" आपणच आपल्या हाताने पुसून टाकलं. आता मावशी घरी बसेल. दोन्ही हातांनी कप धरेल. आणि एक दिवस आजीसारखी भिंतीकडे तोंड करून जेवेल. तिने दांडी खाली ओढायला हात पुढे केला.

"थांब," सेकंद पुटपुटला. "हात लावू नकोस."

भिंतीवरच्या सावल्या थरथरत होत्या.

भिंगरीने दोन्ही हात वर केले, पोलिसांनी बंदूक रोखल्यासारखे. दांडीला कुणाचंही बोट लागलेलं नव्हतं. बोर्डाला कुणाचा धक्काही लागलेला नव्हता. आणि अस्वल थडथड थरथरत होतं, अगदी तसंच, तालमीत थरथरायचं तसंच.

"दोन वाजून चार मिनिटं," सेकंद म्हणाला. त्याने आकडा वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. "दोन वाजता काय झालं? अकरा वाजता काय होतं? एक ते दोन काय बंद असतं?"

उत्तर जिन्यावरून धावत आलं. दार ढकलून शेपूट आत शिरलं, गाल लाल, हातात कागदी पेला. "ताई, व्यवस्थापककाका जेवून आले. त्यांच्या खोलीत थंड पाणी आहे, आणि नवीन एसी आहे. किती गार लागतं सांगू! काकांनी रिमोट दाबला की टुंग वाजतं, मग तीन मिनिटांनी बाहेरचं मशीन घर्र करतं. खोली गार झाली की आपोआप थांबतं, मग परत सुरू होतं, काकांनीच सांगितलं."

"नवीन म्हणजे कधी लावलाय?" सेकंदने विचारलं.

"काका म्हणाले, तीन आठवडे झाले."

तीन आठवडे. अस्वलाचं दुखणं बरोबर तीन आठवड्यांचं होतं. आणि व्यवस्थापकाची खोली रंगमंचाच्या डाव्या भिंतीला लागूनच होती, कुंपण होतं त्याच बाजूला. भिंगरी तोंड उघडणार इतक्यात मागून आवाज आला.

"हात कुठंय तुझा?"

दारात मावशी उभी होती. ती ओरडली नाही. तिचा आवाज इतका खाली होता की तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. "दांडी वर आहे आणि हात कुठंय? जनावर एकटं सोडलंस?"

"मावशी, तू आधी बघ," भिंगरी कशीबशी म्हणाली. "मला मग मार. आधी खाली बघ."

मावशीने खाली पाहिलं. मग दांडीकडे पाहिलं. मग पुन्हा खाली. ती हळूच स्टुलावर बसली. खाली अस्वल थरथरतच होतं.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"चार मिनिटं बारा सेकंद," सेकंद म्हणाला. "आई, कुणाचाच हात नाहीये. आम्ही कुणीच हात लावलेला नाही."

मावशीने आपला उजवा हात समोर धरला, बोटं पसरली, आणि त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली. "तीन आठवडे," ती म्हणाली, "तीन आठवडे मी याच्याकडे धड बघितलंसुद्धा नाही रे. बघायची भीती वाटत होती." आणि वीस वर्षांत अंधारात एकदाही न चुकलेली ती बाई भर दुपारी पोरांसमोर रडायला लागली. सेकंद तिच्या खांद्याला चिकटून उभा राहिला. वहीत काही लिहायचं त्याला सुचलं नाही.

मग मावशीने पदराने डोळे पुसले, आणि तिचा चेहरा बदलला. "चला," ती म्हणाली. "माझ्या अस्वलाच्या लाइनीत कोण घुसलंय ते बघू."

*

व्यवस्थापक म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

"एसी? एसीचा काय संबंध?" तो म्हणाला. "नवंकोरं यंत्र आहे. आमच्या ओळखीच्या माणसाने बसवलंय. तुमचा दिवा कुठे, माझी खोली कुठे. नाचता येईना अंगण वाकडं."

"रंगमंचाखालची पेटी उघडून पाहू या, साहेब," मावशी म्हणाली. "जमिनीवरच्या दिव्यांची लाइन तिथूनच जाते."

"चावी हरवलीय. सोमवारी कुलूप फोडू. रविवारी प्रयोग आहे, उगाच उकराउकरी नको. आणि उद्या नवा मुलगा येतोच आहे."

असं म्हणून तो तालीम पाहायला दिग्दर्शकांशेजारी जाऊन बसला. एसी मात्र चालूच ठेवून, कारण परत येईपर्यंत खोली गार राहायला हवी ना.

तिथेच त्याचं चुकलं. भिंगरीने सेकंदच्या कानात काहीतरी सांगितलं, सेकंदने शेपटाच्या कानात सांगितलं आणि आपलं घड्याळ, जे तो आईलाही देत नसे, काढून शेपटाच्या मनगटावर बांधलं. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशी दोघांनी काटे जुळवले. "चारला पाच कमी असताना बंद. बरोबर चारला चालू. मध्ये हात लावायचा नाही."

"मला येतं वाचता," शेपूट फुगून म्हणालं आणि पसार झालं.

चारला दहा मिनिटं कमी असताना अस्वल रंगमंचावर आलं आणि थरथरायला लागलं. व्यवस्थापकाने मोठ्याने सुस्कारा टाकला. "बघा. म्हणत नव्हतो?"

"लाइटबाई..." दिग्दर्शकांनी मागे वळून केबिनकडे पाहिलं.

"मी इथे आहे, सर," मावशी म्हणाली. ती रंगमंचाच्या पायऱ्यांशी उभी होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून. शेजारी भिंगरी, तिचेही हात पाठीमागे. "केबिन रिकामी आहे. दांडी मी अर्ध्यावर सोडून आले."

दिग्दर्शक उठून उभेच राहिले. लाइटबाई अस्वल एकटं सोडते, हेच त्यांना आधी पटेना. ते तडक वर गेले, केबिनच्या काचेतून रिकामं स्टूल पाहिलं आणि खाली आले.

"आता थरथर थांबेल," सेकंद भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत म्हणाला. "पाच, चार, तीन, दोन, एक."

थरथर थांबली.

"योगायोग," व्यवस्थापक म्हणाला.

"चार वाजून तीन मिनिटांपर्यंत अस्वल शांत राहील," सेकंद पुढे म्हणाला, "आणि मग पुन्हा थरथरेल. चालू केल्यावर मशीनला तीन मिनिटं लागतात."

"कसलं मशीन?" दिग्दर्शकांनी विचारलं. हॉलमध्ये सगळे, म्हातारीचं काम करणाऱ्या नटीपासून झाडूवाल्या काकांपर्यंत, भिंतीकडे बघत उभे होते. चार वाजले. एक मिनिट गेलं, दोन गेली. व्यवस्थापक मान पुसू लागला. तिसरं मिनिट भरलं, आणि भिंतीवरच्या काठ्यांच्या सावल्या थडथड हलायला लागल्या.

दिग्दर्शकांनी व्यवस्थापकाकडे पाहिलं. "साहेब, तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही खोलीत काय बसवलंत?"

"अहो पण चावीच नाही तर..."

"चावी आहे की," दारातून शेपूट म्हणालं. ते रिमोट हातात घेऊनच आलं होतं. "काकांच्या टेबलाच्या वरच्या खणात. लाल दोरीची. त्यावर पेटी असं लिहिलंय."

*

वायरमनकाकांनी आधी मुख्य स्विच बंद केला, मग बॅटरीच्या उजेडात पेटीचं झाकण उघडलं. झाकण उघडताच जळक्या रबराचा वास आला. आत मावशीच्या लाइनीला व्यवस्थापकाच्या एसीकडे जाणारी एक जाड वायर नुसती पीळ देऊन जोडली होती. जोड काळा पडला होता, आणि वरचं आवरण वितळून पेटीच्या लाकडी फळीवर ओघळलं होतं. फळीही तपकिरी झाली होती.

वायरमनकाकांनी बॅटरी त्या जोडाजवळ नेली. "मी तपासायला आलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते," ते म्हणाले. "साहेब अकराला येतात. मला काय दिसणार? पण पेटी उघडायला हवी होती. माझीही चूक आहे." मग त्यांनी फळीवरून बोट फिरवलं. "रविवारी सगळे दिवे, त्यात हे यंत्र, वर चारशे पोरं. आणि ही पेटी बरोबर पडद्याखाली."

त्यापुढचं भिंगरीला न सांगताच दिसलं. पेटलेला पडदा, अंधार, दारांकडे धावणारी मुलं. आपण एका हाताची अब्रू वाचवायला निघालो होतो, आणि त्याखाली हे दबा धरून बसलं होतं.

व्यवस्थापक खुर्चीत बसला होता. त्याला घाम फुटला होता, पण या वेळी त्याने रुमाल काढला नाही. "परवानगीला महिना लागला असता," तो म्हणाला. "म्हटलं, एवढीशी वायर, काय होतंय." मग तो उठला आणि मावशीसमोर येऊन उभा राहिला. "लाइटबाई, मी तुमच्या हाताबद्दल चारचौघांत बोललो. चूक माझी होती."

"हाताचं जाऊ द्या, साहेब," मावशी म्हणाली. "पोरांचं काय झालं असतं, ते रोज आठवत जा."

दिग्दर्शकांनी दुसऱ्या नाट्यगृहाला फोन करून त्या मुलाला येऊ नको म्हणून सांगितलं. मग ते तिन्ही पोरांसमोर वाकले. "आम्ही सगळे मोठे लोक तीन आठवडे एका हाताकडे बघत बसलो," ते म्हणाले. "दिव्याकडे तुम्ही बघितलंत. रविवारी पहिल्या रांगेत तुमच्या तीन खुर्च्या."

"मला केबिनमध्ये बसायचंय," भिंगरी म्हणाली.

"मला चार खुर्च्या चालतील," शेपूट म्हणालं.

शुक्रवारी पेटीतली वायर बदलली. त्याच दिवशी मावशी डॉक्टरांकडे गेली, कुणी न सांगता, स्वतःहून. डॉक्टरांनी तिला कागदावर गोल काढायला लावले, हात पुढे धरायला लावले आणि विचारलं की किती दिवस झोप नाही. हात ठणठणीत आहेत, म्हणाले. कप धरताना जे व्हायचं, ते भीतीने व्हायचं.

*

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. चारशे मुलं एकाच वेळी बोलत होती, खुर्च्या वाजत होत्या, कुणाचा तरी पाण्याचा डबा गडगडत खाली गेला. मग दिवे मंदावले.

केबिनमध्ये भिंगरी मावशीच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली होती. म्हातारीने पिल्लाला कुशीत घेतलं, झोपडीचा दिवा विझला, आणि मावशीचा हात शेवटच्या दांडीवर गेला.

सावल्या गडद झाल्या. विरल्या. गडद झाल्या.

कुणीही हसलं नाही. चारशे मुलं एकदम इतकी गप्प झाली की भिंगरीला मावशीचा श्वास ऐकू आला, आणि खाली अस्वलाचा श्वासही तसाच, त्याच लयीत चालला होता. पुढच्या कुठल्याशा रांगेतून एका चिमुरडीने मोठ्याने विचारलं, "आई, तिला तिचं बाळ देणार ना?" आणि कुणीही तिला गप्प बस म्हणालं नाही. म्हातारीने दार उघडलं. पिल्लू कुंपणाकडे गेलं. भिंतीवरच्या सावल्या एकदा खूप गडद झाल्या, आईने पोराला हुंगावं तशा जवळ आल्या, आणि मग पायवाटेवरून दिव्यादिव्याने लांब जात विझल्या.

टाळ्या थांबेनात. नटनट्या वाकून वाकून दमल्या, तेव्हा दिग्दर्शक पुढे आले आणि हात वर करून म्हणाले, "आता अस्वलाला बोलावू या."

मुलांनी मान वळवून वळवून शोधलं. वीस वर्षांत मावशी प्रयोगानंतर कधी रंगमंचावर गेली नव्हती. तिला कुणी बोलावलंच नव्हतं. ती नको नको म्हणत उठली, जिन्याशी थबकली, आणि तिने भिंगरीचा हात घट्ट धरला. अंधाऱ्या जिन्यावरून दोघी खाली उतरू लागल्या. टाळ्या जवळ येत होत्या. निम्म्या पायऱ्या उतरल्यावर भिंगरीने एकदम मावशीकडे पाहिलं.

"मावशी," ती कुजबुजली, "तुझा हात थरथरतोय."

"हो गं," मावशी म्हणाली. ती हसत होती आणि तिचे डोळे भरून वाहत होते. "आज थरथरू दे त्याला."